दाखल्यावरचं नाव

माझ्या पोटच्या पोरीनं मला "आत्या" म्हणून हाक मारली आणि घरातलं एकही माणूस दचकलं नाही. माझं डोकं फिरलं ते तिथंच.

अडीच वर्षांनी मी सोलापूरला आले होते. शहात्तर सालचा नोव्हेंबर संपत आला होता. झांबियातल्या किट्वे गावाहून निघून दोन विमानं आणि एक रेल्वे बदलली होती, अंग नुसतं आंबून गेलं होतं. टांगा अण्णाच्या दारात थांबला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ गुरुबसप्पा. दारात नीला उभी होती. सोडून गेले तेव्हा चार वर्षांची होती, आता साडेसहाची. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. मी बॅग रस्त्यातच टाकून धावले, तर पोरगी शरणम्मा वहिनीच्या लुगड्यामागं लपली.

"अगं, आत्या आलीया तुजी. पाया पड की," वहिनी म्हणाली.

पोरीनं वाकून नमस्कार केला. "आत्या, तुमी विमानातनं आलाव?"

"आत्या कुणाची? आई आहे मी तुझी!"

जरा मोठ्यानंच बोलले असेन. पोरगी आणखी मागं सरकली. अव्वा, म्हणजे माझी आई नागव्वा, ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. "आल्या आल्या वरडू नगंस, महादेवी. लेकरू हाय. सवय हुतीय की हळूहळू."

सवय! मी बालवर्गाची बाई. चार-पाच वर्षांच्या पोराला कशाची सवय होते आणि किती दिवसांत होते, ते ही मला सांगणार.

मी आणि माझा नवरा शिवयोगी, दोघंही वळसंगच्या शाळेत मास्तर. बहात्तर साली त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत माणूस गेला. सासरच्यांनी महिन्याभरात वाट दाखवली. दोन वर्षांची नीला काखोटीला मारून मी सोलापूरला अण्णाकडं आले, एका शाळेत बालवर्ग मिळाला. भावानं ठेवून घेतलं, खोटं का बोलू? पण पहाटे पाणी भरण्यापासून सगळ्यांची जेवणं होईस्तोवर मी त्या घरात चोरासारखी वावरत होते. एके दिवशी पेपरात जाहिरात दिसली. झांबिया सरकारला लहान मुलांसाठी शिक्षक पाहिजेत. मी अर्ज टाकला. पहिल्या कराराला मूल नेता येत नव्हतं. दुसरा करार झाला, क्वार्टर मिळालं, की मूल आणा, तिकीट सरकार देईल, असा नियम होता.

तिकडचे पहिले सहा महिने मी रोज रडले आणि रोज आठला तोंड धुऊन वर्गावर उभी राहिले. बेचाळीस पोरं. त्यांची बेंबा भाषा मला येईना, माझं इंग्रजी त्यांना कळेना. मग त्यांनीच मला शिकवलं. सकाळी एकेक पोर दारात गुडघ्यात वाकायचं, हळूच टाळी वाजवायचं आणि "मुलिशानी" म्हणून कशी आहेस ते विचारायचं. सोलापुरात दोन वर्षं बालवर्ग घेतला, पण कशी आहेस म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं. बाजारात ज्वारी मिळाली तेव्हा मी नाचायची बाकी राहिले. तिथं लोक ज्वारीची दारू करतात. मी तिची भाकरी थापलेली बघून शेजारीण हसून हसून जमिनीवर बसली, आणि दुसऱ्या दिवशी तीच भाकरी मागायला आली. तिचं खरं नाव मला कधी कळलंच नाही. तिकडं बाईला तिच्या लेकराच्या नावानं हाक मारतात. ती बाना चान्सा, म्हणजे चान्साची आई. आणि मी सगळ्या गल्लीची बाना नीला. जिला माझ्या पोरीचं तोंडही माहीत नाही अशी दुकानदारीण मला नीलाची आई म्हणत होती. आणि इथं, जिनं बाळंतपण काढलं ती माझी आई म्हणत होती, सवय हुतीय की.

बारा जानेवारीला तिकडची शाळा उघडणार होती. त्याच्या आत नीलाचं नाव माझ्या पासपोर्टावर चढायला पाहिजे होतं. चढलं नाही तर तिचं तिकीट बुडालं, आणि पुढची रजा पुन्हा अडीच वर्षांनी. तेव्हा ती नऊ वर्षांची असती. नऊ वर्षांची पोर मला काय ओळखणार होती?

आठवडाभर लोक बघायला येत होते. शेजारची कस्तुराबाई चहाची बशी ओठाला लावून म्हणाली, "व्हय गं, ती काळी काळी पोरं हाताला धरवत्यात का तुला?"

"धरवतात की," मी म्हणाले. "तुझ्या नातवापेक्षा त्यांची नाकं स्वच्छ असतात."

ती बशी ठेवून गेली. अव्वा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही!

नीलाचा जन्म वळसंगला घरातच झालेला. जन्माची नोंद नाही. बाप मास्तर, गावच्या पोरांचे दाखले लिहिणारा, आणि स्वतःच्या पोरीची नोंद करायला त्याला सवड झाली नाही. मेलेल्या माणसावरसुद्धा मी त्या दिवसांत चिडून घेतलं. आता शाळेचा दाखला हाच एक पुरावा. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी नीलाच्या शाळेत गेले.

हेडमास्तर रामहरी गुरुजी. भला माणूस. मला खुर्ची दिली, मोठं रजिस्टर काढलं, बोटानं ओळी मोजत खाली आले आणि थांबले.

"तुमचं आडनाव बिराजदार ना, बाई?"

"हो. महादेवी शिवयोगी बिराजदार."

"इथं तर नीलांबिका गुरुबसप्पा हत्तुरे आहे."

मी उठून रजिस्टरात बघितलं. निळ्या शाईत, सुबक अक्षरात, माझ्या पोरीचा बाप म्हणून माझ्या भावाचं नाव. आईचं नाव रजिस्टरात लिहीतच नव्हते. त्याला रकानाच नव्हता. नऊ महिने पोटात वागवून मी त्या कागदावर कुठंच नव्हते, आणि ज्यानं पोरगी झाल्यावर बत्तासे वाटण्यापलीकडं काही केलं नाही तो बाप होऊन बसला होता.

"दुरुस्त करा," मी म्हणाले.

गुरुजींनी चष्मा काढला. "बाई, आणीबाणी आहे. रजिस्टरात खाडाखोड सापडली तर माझी नोकरी जाईल. असं करा. ज्या घरानं नाव दिलं त्या घरातल्या माणसानं, तुमच्या भावानं नाहीतर वहिनीनं, इथं येऊन जबाब लिहून द्यायचा. मुलगी आमची नाही, नाव चुकीचं सांगितलं. दोन साक्षीदार मी देतो. मग लाल शाईनं दुरुस्ती करून दाखला देतो."

मी तशीच बाजारात अण्णाच्या आडतीवर गेले. तो ज्वारीच्या पोत्यांवर टेकून पान लावत होता. वैरागकडचे दोन शेतकरी बसले होते, त्यांच्यासमोरच मी विचारलं.

"नीलाच्या नावापुढं तुझं नाव कुणी लावलं?"

त्यानं शेतकऱ्यांना चहाला पाठवलं. पान तोंडात घातलं. मग सावकाश म्हणाला, "मीच लावलं. बिनबापाची पोर म्हणून शाळेत कुणी हिणवू नये म्हणून लावलं. वाईट काय केलं?"

"मला विचारलंस?"

"पत्र पोचायला महिना लागतोय. शाळेत नाव घालायची मुदत थांबती व्हय?"

"मग नंतर कळवायचं. अडीच वर्षं पत्रं लिहितोयस. इकडील सर्व क्षेम, पाऊस बरा, नीला मजेत. माझी मुलगी आता माझी राहिली नाही, एवढी एक ओळ सुचली नाही?"

"तू लांब हायस. तुला कशाला घोर लावायचा?"

काय म्हणावं या माणसाला! माझी पोर स्वतःच्या नावावर केली, आणि मला घोर नको म्हणून सांगितलं नाही. मी जबाबाचं सांगितलं. तो पोत्यावरून उठलाच.

"येडी हायस का? खोटी माहिती दिली म्हणून मीच लिहून देऊ? दिवस कसले हायत? उचलून नेत्याल मला. आणि समाजात काय तोंड दाखवू? सगळ्या बाजाराला माहिती हाय, नीला माझी मुलगी म्हणून."

"सगळ्या बाजाराला माहिती आहे ती तुझी नाही म्हणून!"

"मी येणार न्हाय, महादेवी. पोरगी हितं सुखात हाय. तुला जायचं तर तू जा."

त्यानंतरचे बारा दिवस मी त्या घरात नुसती जळत होते. नीलाला जवळ घ्यायला गेले की ती अंग आकसून उभी राहायची, परकरी पोर पाहुण्यांपुढं राहते तशी. मी तिला गोष्टी सांगितल्या, तिकडचे मोठे रंगीत दगड दाखवले, चित्रं काढून दिली. बेचाळीस पोरांना आपलंसं करणारी मी, या एका पोरीपुढं माझं काही चालेना. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आईला दाखवून येऊ?" आई म्हणजे वहिनी.

एका दुपारी माझा बांध फुटला. वहिनी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. अव्वा आत झोपली होती, नीला शाळेत. मी सैपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला मूल झालं नाही त्याला मी काय करू, म्हणाले. दुसऱ्याचं लेकरू चोरून आई होता येत नसतं, म्हणाले. चोरटी म्हणाले तिला. हे सगळं बोलले, आणि लिहिताना त्यातला एक शब्दही गाळत नाही.

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. पीठ लागलेले हात तसेच मांडीवर ठेवले.

"पदरात तुमीच घातली की, वन्सं."

ते खरं होतं. परदेशी निघायच्या दिवशी अव्वानं पाट मांडला होता. वहिनीला पाटावर बसवलं. नारळ, खण आणि ज्वारी. मी विधवा, मला ओटी भरता येत नव्हती, म्हणून कस्तुराबाईनं भरली. विधवेचा हात चालत नव्हता, विधवेची पोरगी तेवढी चालत होती. मग मी नीलाला उचलून वहिनीच्या पसरलेल्या पदरात ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून ही तुझी."

आमच्यात दत्तक देताना असंच करतात. कोर्टकचेरी नंतर, आधी हे. मला ते माहीत नव्हतं असं म्हणायला मी काय तिकडचीच होते? सगळं माहीत होतं. बारा वर्षं कूस उजवली नाही अशा बाईच्या पदरात चार वर्षांचं मूल ठेवलं, चार माणसांसमोर तुझी म्हटलं, की ती त्याला डोळ्यात तेल घालून सांभाळणार, हे मी हिशेबानं ओळखलं होतं. नुसतं "लक्ष ठेव" म्हणाले असते तर नीला त्या घरात माझ्यासारखीच आश्रित म्हणून वाढली असती. ते मला नको होतं. म्हणून मी दिली. आणि मनात ठरवून ठेवलं की करार झाला की परत घ्यायची.

"म्हणून काय जन्माची दिली?" मी म्हणाले.

"मला कसं कळावं? तुमी शिकलेल्या," वहिनी म्हणाली. "गोवर निगाला तवा अकरा दिस मांडीवर घिऊन बसले. तवा तुमी माज्या ध्यानातसुदिक नव्हताव."

भाकरी करपली. तिनं ती काढून बाजूला टाकली, दुसरा गोळा घेतला आणि विचारलं, "तितं तिला शिकवणार कोण?"

"मीच. माझ्याच शाळेत येईल."

"आन घरात?"

"आम्ही दोघीच."

"आजारी पडली तर?"

"दवाखाना जवळ आहे. शेजारीण चांगली आहे. वहिनी, मी तिची आई आहे."

"व्हय," ती म्हणाली. "मला का ठावं न्हाय?" आणि भाकरी थापायला लागली. मला वाटलं, संपलं. हा दगड काही हलायचा नाही. मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी तिच्या हातचं जेवले नाही. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं! पण नाही जेवले.

दुसऱ्या दिवशी अण्णा मालासाठी मोडनिंबला गेला. तो गेला तशी वहिनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. "चला शाळंत," म्हणाली.

वाटेत माझ्या डोक्यात गाडी सुटली होती. आज दाखला, आज फोटो, उद्या मुंबई. शाळेसमोरच फोटोवाला होता. पोरीला वर्गातून काढायला नंतर वेळ जाईल म्हणून मी व्हरांड्यातल्या शिपायाला सांगितलं, पहिलीतल्या नीला हत्तुरेला दप्तरासकट ऑफिसात घेऊन ये. घाई! माझी ती घाई जळो.

गुरुजींनी कागद पुढं ओढला. "मुलगी शाळेत घालताना नाव कुणी सांगितलं होतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "रजिस्टरावर सही तर गुरुबसप्पांची दिसतेय."

"सई त्येंनी केली. मास्तर घरी आले तवा ते आडतीवर हुते. नाव मी सांगितलं. त्येंचा कायबी दोष न्हाय. काय शिक्षा असंल ती मला असू द्या."

धडधडीत खोटं. नवऱ्याचा गुन्हा ती अंगावर घेत होती, आणि मी, दाखला मिळावा म्हणून, गप्प बसून ते ऐकत होते. गुरुजींनाही कळलं असावं. ते लिहायला लागले.

"तुम्हाला स्वतःचं अपत्य?"

"न्हाय."

"या मुलीशी नातं?"

खिडकीतून पोरांचे पाढे ऐकू येत होते.

"मामी," ती म्हणाली.

गुरुजींनी लिहून संपवलं. मग कायद्याप्रमाणं जबाब वाचून दाखवायला पाहिजे म्हणून त्यांनी कागद हातात धरला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत आवाजात वाचलं. "मी, शरणम्मा गुरुबसप्पा हत्तुरे, धंदा घरकाम, समक्ष हजर राहून लिहून देते की, कुमारी नीलांबिका ही माझी मुलगी नाही. मी तिची आई नाही. सदर मुलीवर माझा कसलाही हक्क नाही व पुढे सांगणार नाही. वाचून दाखवलं ते बरोबर आहे?"

"बरोबर हाय."

"अंगठा करा."

वहिनीनं अंगठा शाईवर दाबला, कागदावर टेकवला. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. शिपाई उभा होता आणि त्याच्यापुढं नीला, पाठीला दप्तर. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं, सगळं ऐकलं होतं तिनं.

वहिनीनंही तिला बघितलं. मला वाटलं, आता ही धावेल, पोरीला पोटाशी धरेल. मनातून मी म्हणत होते, धर गं बाई, एकदा धर, मी काही बोलणार नाही. पण वहिनीनं निळा अंगठा पदराला पुसला, पदर डोक्यावरून घेतला आणि पोरीच्या अंगाला अंग लागू न देता दारातून निघून गेली. अशी चालली की जशी ओळखच नाही. मला तिचा संताप आला, माझा आला, पोत्यावर पान लावत बसणाऱ्या त्या अण्णाचा आला, खणखणीत वाचणाऱ्या गुरुजींचा आला. जिच्यावर तो काढावा अशी एकच बाई होती आणि ती रस्त्याला लागली होती.

नीला रडली नाही. मी इतक्या पोरांना आयांच्या हातून घेतलंय, लाथा मारणारी, चावणारी, दार धरून ओरडणारी. त्यांची मला कधी भीती वाटली नाही, अर्ध्या तासात ती माझी होतात. ही तशी नव्हती. तिनं दप्तराचा पट्टा नीट केला. माझ्याजवळ आली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आपण होऊन तिनं माझा हात धरला.

आत्या म्हणाली नाही. आई तर नाहीच. वर्गात नव्या आलेल्या मास्तरणीला म्हणावं तसं, खाली बघत म्हणाली,

"चला, बाई."